बडवणारी अन् भाजणारी

मला तीन आजार हायत, अन् तिन्ही खोटे. प्रेमलाबाईंकडं मला शुगर हाय, राजाबाईकडं थायरॉइड, अन् रंभीकडं बीपी. खरा आजार एकच, एचआयव्ही. बावीस वर्षं झाली त्याला. अन् त्यो मी सोलापुरात कुणाच्याच दारात नेला न्हाय.

तुमी म्हणाल, बाई, एवढं खोटं कशाला? तर ऐका. मी शेळगीला ज्यांच्या खोलीत राहते त्या प्रेमलाबाई. शाळेतनं रिटायर झाल्या, पण नजर अजून परीक्षेला पोरं बसवल्यावानी फिरते. एकदा मी गोळी तोंडात टाकली ती त्यांनी बघितली. "कसली हो गोळी, गिरिजाबाई?" माझ्या तोंडातनं निघून गेलं, शुगरची. झालं! त्या दिवसापासनं त्यांच्या घरी मला बिनसाखरेचा चहा. राजाबाई माझ्यासंगं कामाला हाय. तिनं मला सरकारी दवाखान्याच्या आवारात गाठलं. तिच्या नणंदेला शुगर, म्हणून शुगर सांगून भागलं नसतं, दहा प्रश्न इचारले असते. म्हणून थायरॉइड. अन् जिच्याकडं आमी कामाला जातो त्या रंभीला बीपी सांगितलं, तितं तर मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. रंभीच्या हातची शेंगाची चटणी सगळं सोलापूर मिटक्या मारत खातं, अन् मी वर्षानुवर्षं अळणी खाल्ली. माझ्या वाटणीची ती मीठ घालायच्या आधी काढून ठेवायची. किती माया! मला रडू यायचं, मायेनं न्हाय, चवीनं.

खोटं बोलायला काय लागत न्हाय. पण कुणाला काय सांगितलंय ते ध्यानात ठेवायला डोकं जाग्यावर लागतं. माझं वय आता बासष्ट, अन् गेल्या दोन-तीन वर्षांत डोक्यानं कुरकुर सुरू केली.

पहिल्यांदा मला कळलं ते पेढ्यानं. प्रेमलाबाईंचा नातू अद्वैत इंजिनिअर झाला, त्याचे पेढे. मी एक खाल्ला. गोड लागला, दुसरा खाल्ला. तिसऱ्याला हात घातला तर बाई माझ्याकडं बघायल्या. "अहो, तुमची शुगर?" मी म्हणलं, "आज तिला सुट्टी दिली." बाई हसल्या. मीबी हसले. खोलीत आले अन् दार लावून घेतलं. वीस वर्षांत असं कदी झालं नव्हतं. आज पेढा खाल्ला, उद्या तोंडातनं काय जाईल सांगता येत न्हाय.

अन् तोंडातनं गेलं की माझी बसायची जागा जाणार. ती जागा काय हाय ते सांगते.

बाळीवेशीच्या मागल्या अंगाला रंभीच्या घरामागं पत्र्याची शेड हाय. तितं आमी आठजणी कडक भाकरी करतो. ज्वारीचं पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, भाकरी पातळ बडवायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवून उलटायची. मग दुसऱ्या तव्यावर मंद आचेला ठेवून फडक्यानं दाबत दाबत कडक करायची. नख मारलं तर टण् वाजली पाहिजे. महिनाभर टिकते. पुण्या-मुंबईची माणसं गठ्ठेच्या गठ्ठे नेतात. हे काम जोडीनं चालतं. एक बडवणारी, एक भाजणारी. बडवणारीचा हात थांबत न्हाय, म्हणून भाजणारीपुढं कायम दोन तवे. एकावर ओली, एकावर कडक व्हायला ठेवलेली. डोळा दोन्हीकडं पाहिजे. रंभी बडवणारी, मी भाजणारी. सोळा वर्षं.

रंभी माझ्याच वयाची. अक्कलकोटच्या खालच्या अंगाची, घरी कानडी. चिडली की कानडी बोलते, खुश झाली की कानडी बोलते, मधल्या येळेला मराठी. शेड तिची, पण मालकिणीसारखी खुर्चीत बसली न्हाय कदी. आमच्या जोडीची भाकरी सगळ्यात पातळ, असं राजाबाईसुद्धा म्हणायची. अन् राजाबाई कुणाला चांगलं म्हणत न्हाय.

तर माझ्या हातनं भाकरी जळायला लागल्या. आधी आठवड्यात एखादी, मग दिसाला चार-पाच. या तव्याकडं बघितलं की त्यो तवा डोक्यातनंच जायचा. जणू नव्हताच तितं. मधीच कुणी काय इचारलं तर हातातलं फडकं हातातच, अन् मी बघत बसायची, की आता ह्याचं काय करायचं व्हतं? राजाबाई म्हणायची, "गिरिजाबाई, झोप काढा की जरा." मी तिच्यावर खेकसायची. अन् मनात म्हणायची, बरं तर बरं, रंभीचाबी हात आता हळू झालाय. संधिवात असंल. चटणीत माझी अळणी वाटणी काढायचंबी इसरते आताशा, मीठ तसंच असतं. मी काय बोलले न्हाय. गुपचूप खाल्ली, लई ग्वाड लागली. म्हणलं, रंभी म्हातारी झाली बिचारी.

दर दोन-तीन महिन्याला माझी दवाखान्यात फेरी असते, गोळ्या आणायला. तितं ऋतुजा म्याडम हायत. पोरगीच म्हणा, पण डॉक्टर चांगली. ह्या खेपेला मी पेढ्याचं अन् भाकरीचं दोन्ही सांगून टाकलं. तिनं हसण्यावारी न्हेलं न्हाय. पाच शब्द सांगितले, म्हणाली नंतर इचारते. टेबलावर बोटं पटापट आपटायला लावली. मग एक कागद दिला, त्यावर आकडे अन् अक्षरं विखुरलेली. म्हणाली, "एक, मग अ, मग दोन, मग आ, अशी रेघ ओढत जा, मावशी." मी चौथी शिकलेय. आकडे येतात, अक्षरं येतात. पण आकडा झाला की अक्षर, अक्षर झालं की आकडा म्हणलं, अन् माझी गाडी तितंच रुतली. पेन्सिल तीनवर धरून मी बसले. दोन तव्यांचंच झालं परत. पाचातला एक शब्दबी आठवला न्हाय, तिनं 'घोंगडी' म्हणलेलं, अन् माझ्या बापाच्या घरी तर चार घोंगड्या व्हत्या!

"मला येड लागायलंय का?" मी सरळ इचारलं.

"नाही हो," ती म्हणाली. "तुमचा व्हायरस औषधानं एकदम दबलेला आहे, रिपोर्ट छान आहे. पण औषधं सुरू होण्याआधी चार-पाच वर्षं तो अंगात मोकाट होता, आणि आता वयही झालं. काही जणांना असं होतं. डोकं सावकाश चालतं, दोन गोष्टी एकदम झेपत नाहीत, कुणाला काय सांगितलं ते लक्षात राहत नाही. पण कधीकधी कारण दुसरंच निघतं. बी ट्वेल्व्ह कमी असतं, झोप नसते, मन खचलेलं असतं, थायरॉइड असतं. ते सगळं आधी तपासू."

"थायरॉइड मला राजाबाईकडं हाय," मी म्हणलं, अन् मलाच हसू फुटलं. तिला काय कळलं न्हाय.

मग तिनं ते सांगितलं, ज्यासाठी मी हे सगळं सांगत बसलेय. "मावशी, पुढच्या मंगळवारी येताना तुम्हाला रोज बघणारं एक माणूस आणा. तुम्ही काय विसरता ते तुम्ही कसं सांगणार? ते बाजूचं माणूसच सांगतं. त्याच्याशिवाय मला नीट कळणार नाही."

"असं माणूस न्हाय."

"घरी कुणाला माहीत नाही?"

"घर न्हाय. अन् कुणालाच ठावं न्हाय. भाऊ सोडला तर बावीस वर्षांत एका माणसाला सांगितलं न्हाय म्या." ताठ मानेनं सांगितलं. एवढी एकच परीक्षा मी पास झालेली.

हे मी का सांगत न्हाय तेबी ऐका. मालक गेले दोन हजार दोनला. त्यांना काय झालंय ते दवाखान्यात कळलं, त्याच दिवशी माझंबी रक्त घेतलं. मूलबाळ नव्हतं. मी माहेरी, भावाकडं केमला गेले, अन् भाबडेपणानं सगळं सांगून बसले. पहिल्या दिवशी ताट येगळं झालं, दुसऱ्या दिवशी तांब्या. तिसऱ्या दिवशी मी लवकर उठून सगळ्यांच्या भाकरी केल्या. म्हणलं, कामानं तरी जवळ करतील. वहिनीनं टोपल्यातल्या सगळ्या भाकरी उचलल्या अन् गोठ्यात नेऊन गाईपुढं टाकल्या. गाय खात व्हती, मी दारात उभी राहून बघत व्हते. भाऊ खाली मान घालून चप्पल शोधत व्हता. त्याच दुपारी मी गाडी धरून सोलापूर गाठलं. ठरवलं, मेले तरी आता तोंड उघडायचं न्हाय.

अन् बघा नशीब. त्याच हाताच्या भाकरी आज पुण्या-मुंबईला जातात. ज्या दिवशी शेडमदी कळंल त्या दिवशी कोण खाईल त्या? रंभीनं ठेवून घ्यायचं म्हणलं तरी गिऱ्हाईक ठेवू देईल का? मला दुसरं काय येत न्हाय. दुसरं कुणी न्हाय. तव्यापुढची ती दीड हात जागा, एवढाच माझा संसार.

घरी आले अन् आठवडाभर जीव टांगणीला. माणूस न्यायचं तर रंभीलाच. दुसरं कोण बघतं मला रोज? न न्यावं तर डोकं असंच घसरत जाणार, अन् एक दिवस तोंडातनं आपोआप जाणार, तेबी राजाबाईपुढं. त्यापेक्षा आपण होऊन सांगावं, आपल्या शब्दांत. मनात मी ते लाखदा म्हणून बघितलं व्हतं. आंघोळ करताना, रिक्षात, तव्यावर पाणी फिरवताना. 'रंभे, मला बीपी न्हाय.' हितनं सुरू करायचं. सगळं पाठ.

सोमवारी दुपारी बाकीच्या गेल्या. रंभी पीठ मळायची काटवट घासून उपडी घालत व्हती. मी चुली इझवल्या. ती म्हणली, "बस, दोन घास खाऊ." तिनं भाकरी, चटणी, दही पुढं ठेवलं. मी घास मोडला न्हाय.

"रंभे, मला बीपी न्हाय."

तिनं दह्याचं भांडं पुढं ओढलं.

"मला एचआयव्ही हाय. मालकापासनं. दोन हजार दोनपासनं. रोज गोळी घेते. खोटं सांगितलं तुला सोळा वर्षं. काय करायचं ते कर. पण आधी उद्या माझ्यासंगं दवाखान्यात चल, म्याडमला माणूस पाहिजे. मग हाकलायचं तर हाकल." एका दमात म्हणलं. बावीस वर्षांचं ओझं असं दोन मिनिटांत खाली पडलं, अन् रंभीनं काय करावं? भाकरीवर चटणी घेतली, वर दही ओतलं, अन् माझ्याकडं सरकवलं.

"उद्या किती वाजता निघायचं?" ती म्हणली.

माझं डोकंच फिरलं. "अगं भवाने, मी काय म्हणले ते कळलं का तुला?"

"हौदु," ती म्हणली. कानडीत व्हय म्हणायला हौदु म्हणतात. "कळलं. आदीच्या दोन येळेलाबी कळलं व्हतं."

"कुठल्या दोन येळेला?"

"तू हे तिसऱ्यांदा सांगायलीस, गिरिजे."

मला वाटलं चेष्टा करायली. पण रंभी चेष्टा करते तेव्हा तिची एक भुवई वर जाते. ती जाग्यावरच व्हती.

"पहिल्यांदा दोन वर्षांमागं. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा चालू व्हती. होम मैदानावरनं चालत यायलो अन् मधीच रस्त्याच्या कडेला बसलीस. लई रडलीस. मला शपथ घातलीस. दुसऱ्यांदा गेल्या श्रावणात, हितंच, ह्याच पाटावर बसून. अशीच म्हणलीस, रंभे मला बीपी न्हाय. अन् शेवटी, हाकलायचं तर हाकल."

"खोटं."

"मग चटणीत मीठ कसं आलं?" ती म्हणली. "तुला बीपी न्हाय म्हणल्यावर अळणी कशाला काढू मी? दोन वर्षं खायलीस की मिटक्या मारत."

मी चटणीकडं बघितलं. चटणी लाल, तिखट, खारट, चांगली भरभक्कम. आता तुमी म्हणाल, एवढी मोठी गोष्ट माणूस कसं इसरतं? मलाबी तेच वाटलं. पण मनात मी ती इतक्या येळा म्हणली व्हती, की खरं म्हणलेलं कुठलं अन् मनातल्या मनात म्हणलेलं कुठलं, ते एकातएक मिसळून गेलं. रस्त्याच्या कडेला बसून रडल्याचं मला आठवतंय. पण मला वाटायचं ते सपान.

"मग तू काय म्हणलीस? पहिल्यांदा?" मी इचारलं.

आता रंभीनं मान खाली घातली. पदरानं हात पुसले, कोरडेच व्हते तरी पुसले. "त्या दिवशी व्हय व्हय म्हणले. अन् दुसऱ्या दिवशी तुझा पेला येगळा ठेवला."

"कुटं?"

"बादलीमागं. आठ दिवस."

"आठ दिवस!"

"तुला कळलं. तू त्यातनंच पाणी पिलीस, काय बोलली न्हाईस. नवव्या दिवशी त्यो पेला आणून माझ्यापुढं आदळलास. म्हणलीस, ह्याच्यात पाणी घाल अन् केमच्या गाईला दे. मला गाईचं काय कळंना. मग तू केमचं सगळं सांगितलंस. अय्यो, मला इतकी लाज वाटली, गिरिजे. घरी जाऊन सईला इचारलं." सई तिची नात, नर्सिंग शिकती. "तुझं नाव न्हाय घेतलं, शप्पथ. सई म्हणली, आज्जे, पेल्यानं लागत न्हाय, भाकरीनं लागत न्हाय, तू कुठल्या जमान्यातली हायस? त्यो पेला मी परत सगळ्यांच्यात टाकला. कुठला तुझा, आता मलाबी ओळखू येत न्हाय."

मला लई राग आला. खरंच सांगते. आठ दिवस बादलीमागं पेला! सोळा वर्षांच्या जोडीदारणीनं! "तुला सोडायला नको व्हतं म्या," मी ओरडले. "चार गोष्टी सुनवायला पाहिजे व्हत्या."

"सुनवल्यास की. चार न्हाय, चाळीस. मग चार दिवस बोलली न्हाईस. मीच पाया पडले तुझ्या."

"पाया पडलीस?"

"पडले."

"अन् मला ते आठवतबी न्हाय!" मी म्हणलं. एकदम रडू कोसळलं. रंभीचं काय न्हाय, तिनं चूक केली अन् पदरात घेतली. मला वाईट वाटलं ते येगळंच. ज्या गोष्टीला मी बावीस वर्षं भ्याले, ती होऊन गेली व्हती. मी दुखावले, मी भांडले, मी जिंकले, मला परत जवळ घेतलं. सगळं झालं, अन् मी मात्र अजून भीत बसलेली. दोन वर्षं उगंच भ्याले मी. कुणी भरून द्यायची ती?

"दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तरी म्हणायचंस की, मला ठावं हाय."

"म्हणले की. तुझं तोंड इतकं पडलं. म्हणलीस, म्हणजे मला येड लागलं. रातभर झोपली नसशील, दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले. मग मी ठरवलं, आता पुन्हा सांगितलंस तर पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करायचं. पण आज तू दवाखान्यात चल म्हणलीस. म्हणलं, डॉक्टरपुढं खोटं नको." मग भाकरीचा तुकडा माझ्या तोंडापुढं धरून म्हणली, "खा आता. दही आंबंल."

खाल्ली. काय करणार? भूक लागलेली.

मंगळवारी आमी दोघी दवाखान्यात गेलो. रंभीनं चांगली इरकल नेसलेली, लग्नाला चालल्यावानी. बाहेर बाकड्यावर मी पदर डोक्यावरनं ओढून बसले, सवय. ही बया मात्र मान वर करून सगळ्यांकडं बघत बसली. म्याडमनी तिला एक एक इचारलं. गोळी चुकते का, रस्ता चुकतो का, चिडचिड वाढली का. चिडचिडीवर रंभी म्हणली, "ती पयल्यापासनं हाय, त्यात आजाराचा काय दोष न्हाय." मी तिला कोपर मारलं.

"आणि कामात काही फरक?" म्याडमनी इचारलं.

"आदी आमी दोघी दिसाला तीनशे भाकरी काढायचो. आता दोनशे."

"म्हणजे यांचा हात हळू झाला."

"माझा," रंभी म्हणली. "मीच हळू बडवते. ही मागं पडली की हिचा जीव घाबरा होतो, मग दोन्ही तव्यांवरच्या जळतात. म्हणून मी मधीच पिठाला पाणी लावत बसते, पदर सावरते, ज्वारी कशी आली ते बघते. तेवढ्यात ही दुसऱ्या तव्यावर येती."

मी तिच्याकडं बघतच राहिले. मी हिला संधिवात लावला व्हता! दोन वर्षं मनातल्या मनात हिची कीव केली. अन् माझी जागा माझ्या हातानं टिकली नव्हती, हिच्या हळू हातानं टिकली व्हती. म्याडमनी कागदावर काय तरी लिहिलं अन् बराच येळ मान वर केली न्हाय.

पुढं रक्त तपासलं. थायरॉइड ठीक निघालं, राजाबाईला आता काय सांगू? बी ट्वेल्व्ह कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू झाली. त्यानं थोडं सुधारंल, म्याडम म्हणाली, पण किती, त्याचा शब्द दिला न्हाय. सात खणांची डबी दिली गोळ्यांना. म्हणाली, महत्त्वाचं काय असंल ते रोज नजर जाईल तितं लिहून ठेवा. अन् एका येळेला एकच तवा.

लिहायचं ते मी त्याच संध्याकाळी लिहिलं. माझ्या खोलीतल्या पिठाच्या डब्याचं झाकण, आतल्या अंगानं. तितं रोज सकाळी माझाच हात जातो, दुसऱ्या कुणाचा न्हाय. खिळ्यानं कोरलं, पुसू नये म्हणून. चारच शब्द: 'रंभीला ठावं हाय. भिऊ नको.' आता पाच झाले का? असू दे.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. वाचलं. आदल्या दिवशी मीच कोरलेलं, तरी वाचून बरं वाटलं. शेडमदी जाऊन तव्यापुढं बसले. म्याडमनी एक तवा सांगितला व्हता, मी दोन मांडले. रंभी बडवायला बसली. थप, थप, अन् मधीच पिठाला पाणी. थप, थप, मधीच पदर. सगळं नाटक आता मला दिसायलं.

"रंभे," मी म्हणलं. "नीट बडव. मी अजून मेले न्हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. एक भुवई वर गेली. अन् जो हात सुटला तिचा! दोन वर्षं दाबून ठेवलेला हात. राजाबाई मान वळवून बघायली. मी या तव्यावरनं उलटली, त्या तव्यावर दाबली, परत या तव्यावर पाणी फिरवलं. पाच झाल्या, सहा झाल्या, सात झाल्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू. अन् त्या आनंदातच दुसऱ्या तव्यावरची करपली. धूर झाला. एक अंग काळंकुट्ट.

मी भाकरी उचलली. रंभीनं पिठाचा हात तसाच पुढं केला, माझ्या हातातनं भाकरी घेतली, मोडली अन् काळ्या अंगाचा मोठा तुकडा तोंडात टाकला. सगळ्यांदेखत, कराकरा.

"कडू हाय," ती म्हणली.

"मग टाक की गाईला," मी म्हणलं.

"गाय कशाला?" ती म्हणली, अन् दुसरा तुकडा मोडला. "मी हाय की. तू तवा बघ."